वसतिगृहाचे परिमाणपत्रक: ठेका मिळवण्यासाठी भरलेले, काम चालवण्यासाठी उशिरा उघडलेले

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी एका शिक्षणसंस्थेने तळमजला अधिक तीन मजल्यांचे विद्यार्थिनी वसतिगृह बांधायला काढले. बांधकामाचे क्षेत्रफळ सुमारे २,९०० चौरस मीटर, वस्तू व सेवा कर वगळून करारमूल्य ६ कोटी ४२ लाख रुपये आणि मुदत पंधरा महिन्यांची होती. कार्यारंभ आदेश नोव्हेंबर २०२१ मध्ये निघाला. ठेका दोन भावांच्या भागीदारी संस्थेला मिळाला. थोरले भाऊ निविदा आणि खरेदी पाहत, धाकटे साइटवर असत. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून येथे नावे दिलेली नाहीत आणि आकडे थोडे बदलून पूर्णांकात आणले आहेत. त्यांचे परस्परप्रमाण मात्र कायम ठेवले आहे.

करार बाबनिहाय दराचा होता आणि त्याच्या अटी शासकीय कामांतील ‘बी-२’ नमुन्यावर बेतलेल्या होत्या. परिमाणपत्रकात, म्हणजे साइटच्या भाषेत बीओक्यूमध्ये, १८४ बाबी होत्या. प्रत्येक बाबीपुढे वास्तुविशारदांनी अंदाजित परिमाण लिहिले होते, दर ठेकेदाराने भरायचा होता आणि पैसे प्रत्यक्ष मोजलेल्या परिमाणाचे मिळणार होते. ‘बी-१’ नमुन्यात दर आधीच ठरलेले असतात आणि ठेकेदार एकूण रकमेवर कमी-जास्त टक्केवारी सांगतो. ‘बी-२’ मध्ये मात्र कोणत्या बाबीचा दर चढा ठेवायचा आणि कोणत्या बाबीचा पाडायचा, हे ठेकेदाराच्या हातात असते. या प्रकरणाची सुरुवात त्या मोकळिकीतूनच झाली.

परिमाणवाढीचे कलमही शासकीय नमुन्यातले होते. एखाद्या बाबीचे प्रत्यक्ष परिमाण निविदेतील परिमाणापेक्षा २५ टक्क्यांपर्यंत वाढले तर दरात बदल होणार नव्हता. त्यापलीकडच्या परिमाणाला शासनाच्या चालू दरसूचीवरून किंवा बाजारभावाच्या दरपृथक्करणावरून, म्हणजे दरामागच्या खर्चाची फोड मांडून, नवा दर मिळणार होता. साहित्याच्या भाववाढीची भरपाई देणारे कलम करारात नव्हते.

निविदा भरताना घेतलेले दोन निर्णय

खोदाईच्या तीन बाबी होत्या: माती व मऊ मुरूम ९०० घनमीटर, कठीण मुरूम व मऊ खडक ५२० घनमीटर आणि सुरुंग न लावता फोडायचा कठीण खडक ८० घनमीटर. ब्रेकर लावून कठीण खडक फोडण्याचा खर्च घनमीटरला सुमारे १,१५० रुपये येतो, हे थोरल्या भावांना ठाऊक होते. तरीही ८० घनमीटर म्हणजे नगण्य, आणि कदाचित लागणारही नाही, असा हिशेब करून त्यांनी तेथे ६५० रुपये भरले. मातीच्या खोदाईला १४० रुपये खर्च येत असताना १९० रुपये लावले, कारण माती सुरुवातीला निघते आणि तिचे पैसे पहिल्याच बिलात हाती येतात. असे तिरके दर भरणे या धंद्यात नवे नाही. पत्रकातील परिमाणे बरोबर निघाली तर ते चातुर्य ठरते. परिमाणे फिरली की तोच दर अंगावर येतो आणि त्याविषयी तक्रार करायला तोंड राहत नाही.

दुसरा निर्णय सळईचा होता. खरे तर निर्णय असा झालाच नाही. पत्रकात सळई ११८ टन आणि आरसीसी काँक्रीट सर्व मिळून १,१८० घनमीटर होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले असते तर घनमीटरला १०० किलो या ठोकताळ्याने सळईचे परिमाण काढले आहे, संरचनात्मक नकाशांवरून मोजलेले नाही, हे पाच मिनिटांत कळले असते. ते कोणी ठेवले नाहीत. भाव बरा मिळतो म्हणून ठेकेदारांनी कार्यारंभ आदेश मिळताच जालन्याहून ६० टन सळई टनाला ५७,००० रुपयांनी उचलली आणि निम्म्याहून अधिक गरज भागली असे धरून चालले.

अडचण

पहिली खूण जानेवारी २०२२ च्या मध्यात दिसली. ब्रेकरच्या भाड्याचे बिल खोदाईच्या संपूर्ण मंजूर रकमेच्या जवळ जाऊन पोहोचले. प्लॉटचा पूर्वेकडील भाग किंचित चढाचा होता आणि तेथे मीटरभर खोलीवरच काळा पाषाण लागत होता. दख्खनच्या बेसॉल्टची वरची पातळी अशी असमान असणे हे आश्चर्य नव्हे. मातीतपासणीची तीनही बोअर प्लॉटच्या पश्चिम आणि मध्य भागात घेतलेली होती, आणि त्या अहवालातील नकाशा निविदेसोबतच दिलेला होता.

धाकट्या भावांनी साइट इंजिनिअरला विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “दादा, एकूण खोदाई पत्रकाएवढीच आहे, दीड हजाराच्या आतच.” उत्तर खरे होते, आणि घोटाळा त्यातच लपलेला होता. एकूण घनमीटर जुळत होते, त्यांची वाटणी फिरली होती. बिल तयार करताना ठरावीक खोलीपर्यंत माती, पुढे मऊ खडक, अशी पत्रकातील टक्केवारीच मोजमापात उतरवली जात होती. ५८ खड्ड्यांपैकी २२ खड्ड्यांत पायाचे काँक्रीट होऊन गेले होते आणि त्यांतील खडकाची स्वतंत्र संयुक्त नोंद झालेली नव्हती.

या टप्प्यावर ठेकेदारांनी बाहेरचा एक अनुभवी क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे कामाची परिमाणे आणि त्यांचा हिशेब काढणारा तज्ज्ञ, नेमला. त्याने पहिल्याच आठवड्यात खोदाई बाजूला ठेवून सगळे पत्रक उघडले. १८४ पैकी १८ बाबींत करारमूल्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग होता. त्या अठरा बाबींचीच परिमाणे त्याने बांधकामासाठी दिलेल्या नकाशांवरून नव्याने काढली. खोदाईचा वाद लाखा-दोन लाखांचा आहे, त्याहून मोठी गोष्ट सळईत दडली आहे, हे फेब्रुवारीअखेर स्पष्ट झाले. बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे, म्हणजे नकाशांवरून प्रत्येक सळईची लांबी आणि वजन काढून केलेल्या यादीप्रमाणे, गरज १४१ टनांची होती.

फरक कशामुळे पडला तेही कळले. भूकंपविषयक भारतीय मानक आयएस १८९३:२०१६ मधील नकाशानुसार नाशिकचा भाग भूकंपक्षेत्र तीनमध्ये येतो, आणि त्यामुळे आयएस १३९२० मधील तन्य तपशील, म्हणजे धक्क्यात सांगाडा एकदम न तुटता वाकावा अशी सळईची मांडणी, लागू होतात: तुळई-खांबाच्या सांध्याजवळ रिंगा दाट, जोडाच्या लांबीतही दाट, रिंगांची टोके १३५ अंशांत वळवलेली, आणि खांबाच्या रिंगा सांध्यातून पुढे नेलेल्या. संरचना अभियंत्यांनी अंतिम नकाशे या नियमांनुसार केले. परिमाणपत्रक त्याआधीचे, प्राथमिक आराखड्यावरचे होते. यात कोणी लबाडी केली नव्हती. दोन कागद वेगवेगळ्या तारखांचे होते, एवढेच.

दोन बाबींची दोन दैवे

येथे परिमाणवाढीचे कलम नीट वाचावे लागते, कारण ते दोन्ही बाबींना सारखे लागू पडत नव्हते.

कठीण खडक ८० वरून अंदाजे ४३० घनमीटरवर गेला होता. १०० घनमीटरपर्यंत जुना ६५० चा दर, पुढे नवा दर मागता येणार होता. म्हणजे पत्रकातला आकडा इतका चुकला होता की ठेकेदार वाचण्याची शक्यता निर्माण झाली होती.

सळईचे तसे नव्हते. ११८ टनांचे १२५ टक्के म्हणजे १४७.५ टन. १४१ टन त्या मर्यादेत बसत होते. वाढीव २३ टनही ७४,००० रुपयांच्या जुन्याच दराने करून द्यावे लागणार होते, आणि बाजारात भाव महिन्यागणिक चढत होता. निविदेच्या वेळी ५७,००० चा भाव, तीन टक्के घट आणि तोडणे-वाकवणे-बांधणे यांचे ९,००० धरून टनाला ६७,७१० रुपये खर्च येत होता. म्हणजे ६,२९० रुपये सुटणार होते आणि ११८ टनांवर ७ लाख ४२ हजारांचा नफा धरलेला होता. भाव ६३,००० च्या पुढे गेला की हा फरक जवळजवळ संपत होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय थोरल्या भावांचा होता: काम थांबवायचे, नोटीस द्यायची आणि संस्थेला टेबलावर आणायचे. सर्व्हेअरने तो एका बैठकीत खोडला. सळईबाबत करार ठेकेदाराच्या विरुद्ध होता आणि खडकाबाबत पुरावा अर्धवट होता. अशा स्थितीत काम थांबवले तर विलंबाचा दोष मात्र पूर्ण पदरात पडला असता.

दुसरा पर्याय कोणी मोठ्याने मांडला नाही, पण मुकादमापासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांच्या मनात होता. जोत्याच्या भरावात आणि प्लास्टरमध्ये मोजमाप थोडे ‘सैल’ धरून तूट भरून काढायची, असा तो पर्याय. नैतिकतेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी हा मार्ग मूर्खपणाचा होता. भराव, खोदाई आणि बाहेर वाहून नेलेला माल या तीन आकड्यांचा मेळ कोणताही जागरूक वास्तुविशारद दहा मिनिटांत तपासतो, आणि एकदा तेथे फट दिसली की खडकाच्या खऱ्या दाव्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

तिसरा पर्याय गप्प बसून काम पूर्ण करण्याचा आणि अंतिम बिलात सगळे मांडण्याचा होता. अनेक जुने ठेकेदार तेच करतात. संबंध बिघडत नाहीत असे त्यांचे म्हणणे असते. परंतु तोवर उरलेले ३६ खड्डे बुजले असते, आणि सळईने ११८ टनांचा आकडा ओलांडताच वाढीव २३ टनांचे १७ लाख २ हजार रुपये विश्वस्त मंडळाच्या मंजुरीअभावी अडकले असते. या संस्थेचे मंडळ तीन महिन्यांतून एकदा बसत असे.

चौथा पर्याय स्वीकारला गेला: खडकाचा दावा ताबडतोब आणि लेखी करायचा, सळईबाबत दर न मागता परिमाणाची आगाऊ मंजुरी आणि साइटवर आणलेल्या मालावर आगाऊ रक्कम मागायची. दर मागायचा नाही हे थोरल्यांना पटायला वेळ लागला. जेथे कलम आपल्या बाजूचे नाही तेथे मागणी केली तर जेथे आहे तेथलीही मागणी हलकी होते, हा सर्व्हेअरचा युक्तिवाद शेवटी त्यांनी मानला.

केलेली कार्यवाही

उरलेल्या ३६ खड्ड्यांसाठी वास्तुविशारदांचा प्रतिनिधी आणि साइट इंजिनिअर यांनी प्रत्येक खड्ड्यात माती, मऊ खडक आणि कठीण खडक यांच्या पातळ्या एकत्र घेतल्या, पट्टी धरून छायाचित्रे काढली आणि मोजमाप पुस्तकात त्याच दिवशी दोघांच्या सह्या केल्या. बुजलेल्या २२ खड्ड्यांचा प्रश्न अवघड होता. ब्रेकरच्या तासांच्या नोंदी होत्या, डंपरच्या पावत्या होत्या आणि शेजारच्या उघड्या खड्ड्यांच्या पातळ्या होत्या. त्यांवरून ठेकेदाराने १३० घनमीटर कठीण खडक मागितला. वास्तुविशारदांनी ९० मान्य केला आणि उरलेला ४० मऊ खडकात टाकला. ब्रेकरच्या नोंदवहीत खड्ड्याचा क्रमांक लिहिण्याची साधी सवय असती, तर हे चाळीस घनमीटर गेले नसते.

नव्या दरासाठी यंत्राचे तास, डिझेल, मजुरी, वाहतूक आणि नफा दाखवणारे दरपृथक्करण दिले गेले. मागणी १,२९० रुपयांची होती, ठरला १,१८०.

त्याच सुमारास सर्व्हेअरने प्रत्येक मोठ्या बाबीसाठी एक साधा तक्ता सुरू केला. त्यात पत्रकातील परिमाण, नकाशावरचे परिमाण, झालेले काम, बिलात घातलेले, मंजूर झालेले आणि उरलेल्या कामासाठी लागणारा माल असे सहा रकाने होते. दर सोमवारी धाकटे भाऊ तो भरत आणि थोरले त्यावरून खरेदी ठरवत. यापूर्वी खरेदी पत्रकावरून, काम नकाशावरून आणि बिल मोजमाप पुस्तकावरून चाले, आणि तिन्ही कधी एका कागदावर येत नसत.

तक्त्यामुळे लहान-मोठ्या गोष्टीही उजेडात आल्या. प्लास्टरच्या मोजमापात साइट इंजिनिअर प्रत्येक खिडकीची वजावट दोन्ही बाजूंनी करत होता. करारात मोजमापासाठी आयएस १२०० हे भारतीय मानक लागू होते, आणि त्यानुसार अर्धा ते तीन चौरस मीटरच्या उघड्या भागाची वजावट एकाच बाजूने करायची असते. १.२ बाय १.५ मीटरच्या ६४ खिडक्यांवर हे सुमारे ११५ चौरस मीटर प्लास्टर ठेकेदार स्वतःहून सोडून देत होता. याउलट खांबांच्या सेंटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी उभारायच्या साच्याचा, दावा मात्र बाद झाला. पत्रकात स्लॅब आणि तुळयांच्या सेंटरिंगला वेगळी बाब होती, खांबांना नव्हती, म्हणून ती अतिरिक्त बाब आहे असे ठेकेदारांचे म्हणणे होते. पत्रकाच्या सुरुवातीच्या सर्वसाधारण टिपांत ‘ज्या काँक्रीटला सेंटरिंगची स्वतंत्र बाब नाही त्याच्या दरात ते समाविष्ट समजावे’ असे स्पष्ट लिहिले होते. राज्याच्या दरसूचीत सेंटरिंग आरसीसीच्या दरातच धरण्याची पद्धत आहे, केंद्रीय बांधकाम विभागाच्या पद्धतीत ते वेगळे मोजतात. या पत्रकात दोन्हींची सरमिसळ झाली होती. दर भरताना टिपा कोणी वाचल्या नव्हत्या.

सळईच्या उरलेल्या ८१ टनांपैकी ३५ टन मार्चमध्ये ६६,००० रुपयांनी घेतली गेली. त्यावर संस्थेने ७५ टक्के आगाऊ रक्कम दिली. एप्रिलमध्ये भाव ६९,५०० झाला तेव्हा आणखी चढेल या धास्तीने थोरल्यांनी राहिलेली ४६ टन एकाच वेळी उचलली. तक्त्याप्रमाणे जूनअखेरपर्यंत त्यांतील वीसच टन लागणार होती. २२ मे २०२२ पासून केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावले आणि देशातले भाव उतरले. शासन असे काही करेल हे एप्रिलमध्ये कोणालाच सांगता आले नसते, म्हणून या खरेदीला चूक म्हणणे अन्यायाचे होईल. तरी गरजेपुरते घेऊन बाकीची जोखीम वाटून घेण्याची माहिती हातात असताना ती वापरली गेली नाही, हेही नोंदवायला हवे.

परिणाम

खोदाईत कठीण खडकाचे १०० घनमीटर जुन्या दराने, २९० नव्या दराने आणि ४० मऊ खडकाच्या ४२० रुपयांच्या दराने मंजूर होऊन एकूण ४ लाख २४ हजार रुपये मिळाले. खर्च ४ लाख ९४ हजार ५०० होता. सत्तर हजारांची तूट राहिली. सगळे ४३० घनमीटर जुन्या दराने गेले असते तर ती २ लाख १५ हजारांवर गेली असती.

सळईत धरलेला ७ लाख ४२ हजारांचा नफा पूर्ण गेला आणि वर सुमारे ३० हजार रुपये खिशातून पडले. मात्र वाढीव परिमाणाला विश्वस्त मंडळाची मंजुरी जूनमध्ये मिळालेली होती, आणि ऑगस्टमध्ये तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबच्या वेळी ११८ टनांची मर्यादा ओलांडली तेव्हा एकही बिल अडले नाही. मजुरांचे पगार आणि सिमेंटवाल्याची उधारी वेळेवर भागली, ती या मंजुरीमुळे. काम एप्रिल २०२३ मध्ये, दोन महिने उशिरा पूर्ण झाले. खडकामुळे गेलेल्या सहा आठवड्यांची मुदतवाढ दंडाशिवाय मिळाली, कारण त्या सहा आठवड्यांची तारीखवार नोंद होती. एकूण नफा नऊ टक्के धरला होता, तो साडेचारच्या आसपास राहिला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्तात टळण्यासारखी गोष्ट सळईची होती. कार्यारंभ आदेशानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात पाया आणि एका मजल्याचे जरी बार बेंडिंग शेड्यूल केले असते, तरी घनमीटरला १०० नव्हे, १२० किलोच्या जवळपास सळई लागते हे कळले असते आणि ५७,००० च्या भावात साठ टनांऐवजी अधिक माल घेता आला असता. पंचवीस टन जास्त घेतली असती तरी अडीच-तीन लाख वाचले असते. त्यासाठी लागणारे काम एका अभियंत्याचे आठवड्याभराचे आहे.

खडकाच्या बाबतीत उत्तर इतके सरळ नाही, आणि दोन्ही भावांत त्यावर अजून एकमत नाही. निविदापूर्व बैठकीत ‘पूर्वेकडे बोअर का घेतले नाही’ असे विचारता आले असते. उत्तर सर्व निविदाकारांना मिळाले असते आणि कदाचित पत्रकच दुरुस्त झाले असते. धाकट्यांचे मत असे की विचारायला हवे होते. थोरल्यांचे म्हणणे असे की पत्रकातली फट दिसली तर ती गुपचूप आपल्या दरात वापरणे हाच तर निविदेतील एकमेव फायदा. त्यांचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही. पण येथे त्यांनी फट पाहिली नव्हती, ८० हा आकडा खरा मानून त्यावर पैज लावली होती. फट दिसली असती तर कठीण खडकाचा दर चढा लागला असता, पाडलेला नव्हे.

पुढच्याच वर्षी त्याच तालुक्यात दुसऱ्या एका इमारतीच्या निविदेत त्यांनी कठीण खडकाला पूर्ण खर्चाचा दर लावला, मोठ्या वीस बाबी नकाशावरून तपासल्या आणि सळईच्या परिमाणाविषयी लेखी शंका विचारली. शंकेचे उत्तर शुद्धिपत्रकाने आले आणि परिमाण वाढवले गेले. ते काम मात्र त्यांना मिळाले नाही. सर्वांत कमी रकमेपेक्षा त्यांची निविदा दोन टक्क्यांनी जास्त होती. थोरले भाऊ त्याचा दोष अजूनही खडकाच्या त्या दराला देतात. धाकट्यांनी ते काम मिळालेल्या ठेकेदाराची खोदाई जाऊन पाहिली आहे, आणि तेथेही ब्रेकर चालू आहे, एवढेच ते सांगतात.